विजापूर : दोन दिवसांची राजधानी

सोलापूरच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेले विजापूर १४९० ते १६८६ अशी जवळजवळ दोनशे वर्षे आदिलशाहीची राजधानी होते. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुर झाले, मराठी बोलण्यात मात्र ते विजापूरच राहिले. महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावर हे नाव चौथीच्या इतिहासात पडलेले असते. अफजलखान पैजेचा विडा उचलून जिथून निघाला ते गाव, एवढीच त्याची ओळख मनात असते आणि पुष्कळदा तेवढीच राहते. घरातली लहान-मोठी माणसे बरोबर घेऊन या शहरी दोन दिवस काढायचे ठरवले, तर ती ओळख पुरती बदलू शकते. त्यासाठी सहल नीट आखावी लागते. राजधानी पाहणे म्हणजे तिथल्या इमारतींची यादी पुरी करणे नव्हे. आपल्या इतिहासाची दुसरी बाजू तिच्या जागी उभे राहून पाहणे, हा अशा सहलीचा खरा हेतू असतो आणि आखणीचा प्रत्येक निर्णय त्या हेतूला धरून घ्यावा लागतो.

विजापूर मराठी माणसाला वाटते तेवढे परके नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा शेवट झाल्यावर १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांनी तिचा मुलूख वाटून घेतला. तेव्हापासून पुणे आणि सुपे हे परगणे विजापूरच्या राज्यात आले आणि शहाजीराजे आदिलशाहीचे मातब्बर सरदार झाले. १६६४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोही याच दौलतीच्या सेवेत. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५३४–१५५८), महसुलाचे हिशेब फारसीतून काढून स्थानिक भाषेत ठेवण्याची रीत पडली आणि दप्तरात दख्खनी हिंदू कारकुनांचा वावर वाढला. पुढच्या काळातले अनेक आदिलशाही कागद मराठी मजकुरासह मिळतात. गोलघुमटाचा स्थपती म्हणून ज्या याकूतचे नाव सांगितले जाते तो दाभोळचा, म्हणजे कोकणातला. आणि ज्या राज्याशी शिवाजी महाराजांनी आयुष्यभर झुंज दिली, त्याच राज्याच्या राजधानीला १६७९ मध्ये मोगल सरदार दिलेरखानाने वेढा घातला तेव्हा विजापूरच्या हाकेला ओ देऊन महाराजांनीच मदत पाठवली. शत्रू आणि शेजारी अशी दोन्ही नाती एकाच शहराशी कशी असू शकतात, हे मुलांना समजावून देण्यासाठी विजापुराइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

छोट्या सहलीची आखणी सोडून देण्यापासून सुरू होते. विजापुरात घुमट, मशिदी, महाल, बावड्या, बुरूज आणि दरवाजे मिळून शेकड्यांनी जुनी बांधकामे आहेत. दोन दिवसांत ती सगळी पाहू म्हणणारे कुटुंब दुसऱ्या दिवशी दुपारी थकून गाडीत बसून राहते. तीन पिढ्या बरोबर असल्या म्हणजे प्रत्येकाची ताकद आणि प्रत्येकाचे कुतूहल वेगळे असते. आजी-आजोबांना जिने जड जातात, पण सावलीत बसून एखादे कोरीवकाम ते तासभर न्याहाळू शकतात. लहान मुलांना शिलालेख कळत नाहीत, पण तोफेच्या तोंडात हात घालावासा वाटतो. किशोरवयीन मुलांना उंचावर चढायचे असते. या सगळ्यांचा मेळ घालताना एक साधा नियम उपयोगी पडतो : अर्ध्या दिवसात एक मोठी वास्तू आणि एक-दोन लहान, त्याहून जास्त नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला आपली म्हणता येईल अशी निदान एक गोष्ट ठेवायची.

काळ निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. हा मुलूख पर्जन्यछायेतला, उघडा आणि दगडी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या दगडाचे चौथरे अनवाणी पायांना पोळतात. हिवाळ्यात रब्बीच्या ज्वारीची शेते दोन्ही बाजूंना उभी असतात आणि डिसेंबर-जानेवारीत वाटेवर हुरडा मिळू शकतो. याच दिवसांत शाळांच्या सहलीही येतात, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. संक्रांतीच्या सुमारास सोलापूरप्रमाणेच विजापुरातही सिद्धेश्वराची जत्रा भरते. जत्रा पाहायची असेल तर तो आठवडा मुद्दाम निवडावा आणि राहण्याची सोय बरीच आधी करावी. शांतपणे वास्तू पाहायच्या असतील तर तो टाळावा. शुक्रवारही विचारात घ्यावा. त्या दिवशी गोलघुमटासमोरचे संग्रहालय बंद असते आणि दुपारी जामा मशिदीत सामुदायिक नमाज असतो. शनिवार-रविवारची जोडी कुटुंबाला सोयीची असते, पण शक्य असेल तर रजा काढून आठवड्याच्या मधले दोन दिवस घ्यावेत.

प्रवासाच्या वाटा अनेक आहेत. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना सोलापूर गाठून पुढे रस्त्याने दोन-अडीच तासांत विजापूर गाठता येते. टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटकाची हद्द लागते. पंढरपूर-मंगळवेढ्यावरूनही रस्ता आहे. सांगली-मिरजेकडून जतमार्गे जाता येते. सोलापूरहून होटगीमार्गे गदगकडे जाणारा लोहमार्ग विजापुरातूनच जातो आणि स्थानक गोलघुमटाच्या बाजूलाच आहे. मुलूख सपाट असल्यामुळे शहर येण्याच्या पुष्कळ आधी क्षितिजावर घुमटाचा गोल दिसू लागतो. दोन दिवसांच्या सहलीत प्रवासाचा शीण हा मोठा खर्च असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्काम करणे आणि सकाळ ताजी ठेवणे हिताचे ठरते. पहाटे निघून थेट पाहायला लागणाऱ्या कुटुंबाची पहिली सकाळ झोपेत आणि दुसरी घाईत जाते.

जेवणखाणाच्या बाबतीत मराठी कुटुंबाला इथे परकेपणा जाणवत नाही. उत्तर कर्नाटकातल्या खानावळींत ज्वारीची भाकरी, मऊ किंवा कडक, भरल्या वांग्याची भाजी, डाळ, कच्ची कांदापात-मेथी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे ताट मिळते. सोलापूरच्या ताटाशी त्याचे सख्खे नाते आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली तर दुपारच्या खाण्याची चिंता मिटते, कारण दोन्ही टिकतात. पिण्याचे पाणी मात्र दिवसभराचे बरोबर बाळगावे. भाषेचीही अडचण फारशी येत नाही. जुन्या मुंबई राज्यात हा जिल्हा १९५६ पर्यंत होता आणि सोलापूर-सांगलीशी बाजाराचे येणेजाणे आजही चालू आहे, त्यामुळे मराठी समजणारी माणसे भेटतात. तरीही दोन दिवस दुसऱ्याच्या गावात राहायचे तर पाणी, जेवण आणि किती पैसे एवढ्यापुरते कानडी शब्द मुलांनी शिकून घ्यावेत. यजमान गावाचा मान राखण्याची ती सोपी रीत आहे.

सहलीच्या आधी घरी थोडी तयारी केली तर शहर लवकर खुलते. आदिलशाहीत नऊ सुलतान झाले. त्यांतले पाच लक्षात ठेवले तरी काम भागते. युसुफ आदिलशहाने बहमनी राज्य फुटताना ही गादी स्थापन केली. पहिला अली आदिलशहा १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्धच्या आघाडीत होता. शहराचा तट आणि गगन महाल त्याच्या काळातले. दुसरा इब्राहिम (१५८०–१६२७) गाण्याचा आणि चित्रांचा मोठा भोक्ता. त्याचा मुलगा महंमद (१६२७–१६५६) गोलघुमटाखाली पुरला आहे. शेवटचा सिकंदर चार-पाच वर्षांचा असताना गादीवर बसला आणि अठराव्या वर्षाच्या आसपास त्याला राज्य औरंगजेबाच्या हाती द्यावे लागले. ही पाच नावे आणि त्यांपुढची सालावळ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मुलांच्या हाती दिली, तर प्रत्येक इमारतीपुढे उभे राहून ‘ही कुणाची?’ हा प्रश्न तीच विचारतात आणि उत्तरही तीच शोधतात. आणखी एक नाव या यादीत घालायला हवे, ते चांदबिबीचे. ती अहमदनगरच्या निजामशाहीची मुलगी आणि विजापूरच्या पहिल्या अलीची राणी. नवऱ्यानंतर नऊ-दहा वर्षांच्या इब्राहिमच्या नावाने तिने इथला कारभार सांभाळला आणि पुढे माहेरी जाऊन अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. शहापूर दरवाजाजवळची चाँद बावडी १५७९ मध्ये तिच्या नावाने बांधलेली आहे.

शहराचा नकाशा समजायला सोपा आहे. सुमारे १० किलोमीटर घेराचा तट शहराभोवती होता आणि त्याचे मोठे भाग आजही उभे आहेत. पूर्वेच्या टोकाला गोलघुमट, मधोमध आतला अर्क किल्ला आणि त्याच्या आसपास राजवाडे, पश्चिमेला तोफांचे बुरूज, ताज बावडी आणि तटाबाहेर इब्राहिम रोजा. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा हा क्रम दोन दिवसांत सहज बसतो. पायी चालण्याजोगी अंतरे थोडीच असली तरी वृद्धांसाठी रिक्षा किंवा टांगा ठरवणे बरे. कालक्रमाने पाहायचे तर सुरुवात मध्यातून करायला हवी, कारण गोलघुमट या राज्याच्या उतरत्या काळाच्या तोंडावर बांधला गेला. पण कुटुंबाच्या सहलीत माणसांच्या दमाचाही विचार करावा लागतो आणि गोलघुमटाला पहिली सकाळच द्यावी लागते.

गोलघुमट भल्या सकाळी, दार उघडताच गाठावा. त्याची दोन कारणे आहेत. चारही कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि त्यांतल्या अरुंद, उंच पायऱ्यांच्या जिन्याने शंभराहून अधिक पायऱ्या चढून वर जावे लागते. ते काम उन्हे चढण्याआधी बरे. दुसरे कारण आवाजाचे. घुमटाच्या आतून बुडाशी फिरणाऱ्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, तर समोरच्या बाजूला, सुमारे ३८ मीटर अंतरावर, भिंतीला कान लावणाऱ्याला शब्द स्पष्ट ऐकू येतात. गुळगुळीत वक्र भिंतीला लागून आवाज सरकत जातो, विखरत नाही, म्हणून हे घडते. एक टाळी वाजवली की तिचे पडसाद एकामागून एक परत येतात. सात तरी मोजता येतात असे सांगतात. दहा वाजता शाळांच्या सहली आल्या की सगळे एकदम ओरडू लागतात आणि मग काहीच ऐकू येत नाही. पहिल्या तासात गेलेल्या कुटुंबातला नातू या बाजूला आणि वडील त्या बाजूला उभे राहून निवांत बोलू शकतात. हा अनुभव मुले जन्मभर विसरत नाहीत.

पण वर जाण्याच्या आधी खालच्या दालनात दहा मिनिटे थांबायला हवे, कारण इमारतीची खरी करामत तिथून दिसते. दालन चौकोनी, एकेक बाजू सुमारे ४१ मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. एवढ्या चौकोनावर गोल घुमट बसवायचा कसा, हा प्रश्न स्थपतीने कमानींनी सोडवला. एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका ठेवावा तशा आठ कमानी एकमेकींना छेदत जातात. त्यांच्यामधून झुकत वर गेलेले बांधकाम चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ करते. आत झुकलेल्या या बांधकामाचे वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला तोलून धरते. बुडाशी सुमारे तीन मीटर जाडीचा हा घुमट साडेतीनशेहून अधिक वर्षे असाच उभा आहे आणि जगातल्या जुन्या काळच्या सर्वांत मोठ्या घुमटांत त्याची गणना होते. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी हे दालन पुरेसे आहे. मधल्या चौथऱ्यावर महंमद आदिलशहा, त्याच्या बेगमा आणि रंभा नावाची त्याची आवडती स्त्री यांची थडगी आहेत. खऱ्या कबरी त्याखालच्या तळघरात आहेत. बाहेर पडताना समोरच्या नगारखान्यातले संग्रहालय पाहावे. तिथले शिलालेख, शस्त्रे, चिनी मातीची भांडी आणि हस्तलिखिते पाहिली म्हणजे बाहेर फक्त दगड उरलेल्या शहरातल्या माणसांची घरगुती दुनिया थोडी उमगते.

पहिली दुपार विश्रांतीला द्यावी. ऊन उतरल्यावर अर्क किल्ल्याच्या बाजूला जावे. इथे गगन महालाची रुंद कमान उभी आहे. १५६१ च्या सुमारास बांधलेल्या या महालाचे छप्पर आणि लाकडी मजले नाहीसे झाले, पण मधली सुमारे १८ मीटर रुंदीची कमान शाबूत आहे. तिच्यामागे दरबार भरत असे आणि पुढच्या मैदानात लोक जमत असत. याच ठिकाणी सप्टेंबर १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहाला औरंगजेबासमोर आणले गेले आणि आदिलशाही संपली. सुलतानाच्या वयाची जी मुले बरोबर असतील त्यांना ही गोष्ट इथेच सांगावी. राज्य हरणे म्हणजे काय, हे पुस्तकातल्या एका ओळीपेक्षा या उघड्या कमानीखाली जास्त कळते. मराठी कुटुंबाने इथे आणखी एक गोष्ट आठवावी. विजापूर पडले, पुढच्या वर्षी गोवळकोंडा पडला आणि दख्खनेत मोगलांपुढे उभे राहणारे मोठे राज्य मराठ्यांचे एकट्याचेच उरले. संभाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षांची आणि त्यानंतरच्या दीर्घ लढ्याची पार्श्वभूमी या मैदानात तयार झाली.

गगन महालाजवळच बारा कमान आहे. दुसरा अली आदिलशहा (१६५६–१६७२) याने स्वतःसाठी सुरू केलेली ही समाधी अर्धीच राहिली. उंच चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या मोठमोठ्या कमानींच्या रांगा उभ्या आहेत आणि वर आकाश आहे. याच अलीच्या कारकिर्दीत अफजलखान वाईकडे गेला (१६५९), सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला (१६६०) आणि एकेक किल्ला हातचा जाऊ लागला. राज्याची तिजोरी आणि मनसुबे कसे आखडत गेले, ते या थांबलेल्या बांधकामात वाचता येते. संध्याकाळी ही जागा मुलांना पळायला आणि मोठ्यांना बसायला चांगली आहे. पहिल्या दिवशी यापुढे काही ठेवू नये.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात जामा मशिदीने करावी. पहिल्या अलीने तालिकोटच्या विजयानंतर ती बांधायला घेतली. ती चालती मशीद आहे, म्हणून नमाजाच्या वेळा सोडून, अंग झाकणारे कपडे घालून, पादत्राणे बाहेर काढून आणि आवाज खाली ठेवून आत जावे. ओळीने उभ्या असलेल्या जाड खांबांवरच्या पांढऱ्या कमानी हीच इथली सजावट. जमिनीवर एकेका माणसाला नमाज पढण्यापुरत्या आखलेल्या सव्वादोन हजारांच्या आसपास चौकटी आहेत; त्या औरंगजेबाच्या काळातल्या असल्याचे सांगतात. पश्चिमेच्या भिंतीतला सोनेरी, रंगीत मेहराब महंमदच्या काळचा. तिथून जवळच मेहतर महालाचा छोटा दरवाजा आहे. त्याच्या सज्जाला आधार देणारे दगडी हात इतके बारीक कोरले आहेत की ते लाकडाचे वाटतात. आजोबांना सावलीत बसून पाहण्याची जागा हीच. आसार महाल १६४६ च्या सुमाराचा, मुळात न्यायदानासाठी बांधलेला आणि पुढे पैगंबरांचे पवित्र अवशेष ठेवण्याचे स्थान झालेला. त्याच्या पवित्र भागात स्त्रियांना प्रवेश नाही. म्हणून सगळ्या कुटुंबाने मिळून पाहायचे तर समोरच्या तळ्याच्या काठावरून लाकडी खांबांचा उंच दर्शनी भाग पाहावा आणि पुढे निघावे. कुटुंबाच्या सहलीत कुणाला बाहेर उभे करून कुणी आत जाणे शोभत नाही.

यानंतर मुलांची वेळ येते. पश्चिमेच्या तटावरच्या बुरुजावर मुलुख मैदान तोफ आहे. १५४९ मध्ये ती अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन आणि लांबी चार मीटरांहून अधिक आहे. तिचे तोंड जबडा पसरलेल्या सिंहासारखे आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. निजामशाहीच्या काळात ती आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीचा मुरार जगदेव ती विजापूरला घेऊन आला. शेकडो बैल, हत्ती आणि माणसे जुंपून ती ओढत आणल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. औरंगजेबाने शहर जिंकल्यावर तिच्यावर स्वतःच्या विजयाचा लेख कोरवला. १८५४ मध्ये ती लिलावात काढली तेव्हा तिला १५० रुपयांची बोली आली आणि सुदैवाने ती विकली गेली नाही. अहमदनगर, परंडा आणि विजापूर ही तीन गावे एका वस्तूने जोडली जातात. घरी नकाशा काढून ही वाट मुलांकडून रंगवून घेतली तर दख्खनच्या राज्यांचा भूगोल त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही. जवळच उपली बुरूज आहे. १५८४ च्या सुमारास हैदरखानाने बांधलेला हा सुमारे २४ मीटर उंचीचा मनोरा बाहेरून फिरत जाणाऱ्या पायऱ्यांनी चढता येतो. वरच्या लांब तोफांपैकी मोठी नऊ मीटरांहून अधिक लांब आहे. इथून सारे शहर एका नजरेत येते आणि दोन दिवस पाहिलेल्या जागांचे एकमेकींशी नाते जुळते.

उपली बुरुजावरून पाहताना एक प्रश्न पडायला हवा : एवढ्या कोरड्या माळावर एवढे मोठे शहर पाणी कुठून पीत होते? विजापूरच्या सुलतानांनी बांधलेल्या सर्वांत उपयोगी वस्तू या प्रश्नाच्या उत्तरात आहेत. पश्चिमेच्या तोरवीकडून भुयारी मार्गाने पाणी शहरात आणले होते. दक्षिणेला १६५१ मध्ये महंमदने बेगम तलाव बांधला आणि तिथून मातीच्या नळांनी पाणी खेळवले. वाटेवर पाण्याचा दाब कमी करणारे आणि गाळ खाली बसू देणारे दगडी मनोरे उभारले. ते आजही शहराच्या गल्ल्यांत दिसतात, पण त्यांच्याकडे क्वचितच कुणी पाहतो. मक्का दरवाजाजवळची ताज बावडी १६२० ची, दुसऱ्या इब्राहिमच्या ताज सुलताना या राणीच्या नावाने बांधलेली. मोठी कमान, दोन्ही बाजूंना धर्मशाळेसारख्या खोल्या आणि मध्ये चौकोनी अथांग पाणी. दुष्काळ पाहिलेल्या सोलापूर-सांगलीच्या माणसाला हिची थोरवी कुणी सांगावी लागत नाही. राजधानीला पाणी पुरवणाऱ्या माणसांची नावे शिलालेखांत क्वचितच येतात, म्हणून पाण्याच्या या जागा आवर्जून पाहाव्यात.

सहलीची शेवटची संध्याकाळ इब्राहिम रोज्यासाठी राखावी. एका आवारात, एका चौथऱ्यावर, समोरासमोर मशीद आणि समाधी, मध्ये पाण्याचा हौद. १६२७ च्या सुमारास पुरी झालेली ही जोडी मलिक संदल या कारागिराने उभारली. मुळात ती ताज सुलतानासाठी होती, पण इब्राहिम आधी गेला आणि दोघेही इथेच विसावले. भिंतींवर अक्षरांची दाट वेलबुट्टी आहे आणि खिडक्यांच्या जाळ्याही दगडात अक्षरे कातून केलेल्या आहेत. अखंड दगडातून कोरलेल्या साखळ्या छताच्या कडेला लोंबतात. आतल्या दालनाचे सपाट दगडी छत कुठल्याही खांबाच्या आधाराशिवाय टिकून आहे. गोलघुमटाचा विशालपणा डोळे दिपवतो. इथे कारागिराचा हात जवळून दिसतो. जिने नाहीत, गर्दी बेताची असते आणि चढउतार थोडा, म्हणून थकलेल्या सर्वांना ही जागा मानवते.

ज्याच्यासाठी ही समाधी आहे त्या माणसाची ओळख इथे करून द्यावी. दुसरा इब्राहिम आदिलशहा दख्खनी भाषेत पदे रचत असे. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’ या संग्रहात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणत असे. कलावंतांसाठी त्याने १५९९ मध्ये तोरवीजवळ नौरसपूर नावाचे नवे नगर वसवायला घेतले; ते पुढे उजाड झाले. मोगल दरबारातले चित्रकार आणि फिरिश्त्यासारखा इतिहासकार त्याच्या आश्रयाला होते. शाळेच्या पुस्तकातले विजापूर एका तलवारीपाशी थांबते. त्या शहरात गाणारा राजाही होता, हे मुलांनी इथे ऐकावे. त्यामुळे प्रतापगडाची गोष्ट लहान होत नाही. कुठल्या समृद्ध, जुन्या, जाणत्या सत्तेसमोर एका तरुण राजाने आपले राज्य उभे केले, हे कळल्याने ती अधिक मोठी होते.

दोन दिवसांच्या या आखणीत पुष्कळ काही मुद्दाम वगळले आहे. अफजलखानाच्या बेगमांच्या म्हणून दाखवतात त्या साठ कबरी शहराबाहेर आहेत. त्यांची कथा ऐकीव आहे आणि लहान मुलांना ती सांगणे कठीण आहे. जोड घुमट, आनंद महाल, चाँद बावडी, नौरसपूरचे अवशेष आणि कुमटगीचे पाण्याचे मंडप या जागा पुन्हा आल्यास पाहण्याजोग्या. तिसरा दिवस मिळाला तर दोन वाटा खुल्या आहेत. सुमारे ४० किलोमीटरवरचे बसवन बागेवाडी हे बसवेश्वरांचे जन्मगाव; ज्यांच्या घरात वचनांची परंपरा आहे त्यांना ते ओढ लावते. कृष्णा ओलांडून दक्षिणेला अडीच-तीन तास गेले तर चालुक्यांची राजधानी बदामी लागते आणि तिच्याजवळ ऐहोळे, पट्टदकल. पण बदामीला एक दिवस पुरत नाही. दोन राजधान्या एका सुट्टीत कोंबण्यापेक्षा दुसरी सुट्टी तिच्यासाठी ठेवणे शहाणपणाचे.

परतल्यावर एक काम उरते. खर्चाचा हिशेब आणि छायाचित्रे यांच्यापेक्षा ते महत्त्वाचे आहे. मुलांनी नेलेला नावांचा कागद पुन्हा काढावा आणि प्रत्येक नावापुढे आपण काय पाहिले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्या कागदाशेजारी स्वराज्याची सालावळ ठेवावी : १६३६, १६५९, १६६०, १६७९, १६८६. दोन्ही रकाने एकत्र वाचले की एकच इतिहास दोन गावांतून दिसतो. छोट्या सहलीकडून कुटुंबाने एवढी अपेक्षा जरूर ठेवावी, कारण चांगल्या आखणीने ती पूर्ण होते आणि तिच्यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी पूर्वतयारी आणि दुसऱ्याच्या राजधानीत मोकळ्या मनाने पाऊल टाकण्याची इच्छा.